ठगाची कबुली लिहिणारा साहेब : कर्नल मेडोज टेलरच्या आयुष्याचा शोध

आमचं शिरवळ पुणे-सातारा रस्त्यावरचं गाव. नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि थोड्याच वेळात आमचं गाव येतं. आता हायवेवरून गाड्या सुसाट जातात. पण दोनशे वर्षांपूर्वी लोक पायी, घोड्यावर किंवा बैलांच्या तांड्यासोबत प्रवास करायचे. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा आणि वाटेत भेटलेल्या गोड बोलणाऱ्या सोबत्याला जपून राहायचं, ही तेव्हाची शिकवण होती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ठग हा शब्द अजून येतो. बाजारात कुणी फसवलं की पहिली शिवी तीच.

या सुटीत पुण्यात शिकणारी आमची भाची घरी आली, तेव्हा तिच्या पिशवीत एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. नाव 'कन्फेशन्स ऑफ अ ठग', म्हणजे एका ठगाची कबुली. जुनी रहस्यकथा म्हणून कुणीतरी तिला सुचवली होती. दोन रात्री जागून तिने ती संपवली आणि सकाळी चहा पिताना विचारलं की मामू, यातला अमीर अली खरा होता का? आम्ही काही बोलायच्या आत दुसरा प्रश्न आला. ठग म्हणजे सगळे आपलेच लोक होते का? वर्गात कुणीतरी तसं म्हणालं होतं आणि तिला उत्तर देता आलं नव्हतं.

खरं सांगायचं तर आम्हालाही पटकन देता आलं नाही. नुसतं नाही म्हणून टाकणं सोपं होतं, पण पोरीला पुरावा हवा होता. मग आम्ही ठरवलं की आधी हे पुस्तक लिहिणारा माणूस कोण होता ते बघू. गोष्ट सांगणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय गोष्टीवर किती भरवसा ठेवायचा हे कळत नाही. शोधायला बसलो आणि त्या साहेबाचं आयुष्यच एखाद्या कादंबरीसारखं निघालं. त्यातली बरीच पानं आपल्या मुलखातली आहेत, आणि काही तर थेट आपल्या लोकांची आहेत.

पंधरा वर्षांचा पोरगा मुंबईत

फिलिप मेडोज टेलर याचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात झाला. वडील व्यापारी. धंदा बसला, घरची ओढाताण सुरू झाली आणि थोरल्या मुलाला लहान वयातच कामाला लागावं लागलं. मुंबईत एका इंग्रज व्यापाऱ्याच्या पेढीवर त्याला पाठवायचं ठरलं. पुढे भागीदारी मिळेल अशी आशा होती. पंधरा वर्षांचा हा पोरगा १८२४ साली जहाजातून मुंबईला उतरला.

इथे येऊन बघतो तर पेढीच डबघाईला आलेली. परक्या देशात, ना पैसा ना ओळख. नशिबाने मुंबई सरकारात वरच्या जागेवर एक नातेवाईक होते. त्यांनी खटपट करून त्याला हैदराबादच्या निजामाच्या फौजेत अधिकाऱ्याची जागा मिळवून दिली. ही फौज निजामाच्या पैशावर चालायची, पण हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा असायचा. सोळा वर्षांचा टेलर औरंगाबादला हजर झाला.

एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. टेलर हा कंपनीच्या सनदी साहेबांच्या वर्गातला कधीच नव्हता. मोठ्या घराण्याचा वारसा नव्हता, विलायतेतल्या कॉलेजचं शिक्षणही नव्हतं. त्यामुळे त्याला वर चढायचं तर एकच वाट होती, ती म्हणजे इथल्या लोकांची जबान शिकणं. तो हिंदुस्तानी शिकला, फारसी शिकला, मराठीही शिकला. मुन्शीसमोर बसून धडे गिरवले, शिपायांच्या आणि गावकऱ्यांच्या गप्पा ऐकल्या. बाकीचे साहेब दुभाष्यामार्फत बोलत होते तेव्हा हा माणूस लोकांशी थेट बोलत होता. पुढे तो लेखक झाला त्याची पायाभरणी इथेच झाली.

हातातून निसटलेलं रहस्य

अजून विशीही ओलांडली नव्हती, तोच त्याला निजामाच्या राज्यात पोलिसांचं काम मिळालं. गावोगाव फिरायचं, चोर-दरोडेखोरांचा माग काढायचा. या फिरतीत त्याच्या कानावर विचित्र गोष्टी येऊ लागल्या. वाटसरू घरून निघायचे आणि मुक्कामावर पोचायचेच नाहीत. कुठे तरी मातीत पुरलेली प्रेतं सापडायची. मारामारीच्या खुणा नाहीत, साक्षीदार नाहीत. यामागे काहीतरी संघटित प्रकार आहे असा त्याला संशय आला आणि तो तपासाला लागला. पण तेवढ्यात त्याला पलटणीत परत बोलावण्यात आलं. तपास अर्धवट राहिला.

थोड्याच वर्षांत मध्य भारतात विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने ठगांच्या टोळ्या पकडल्या आणि सगळं श्रेय त्याच्या नावावर जमा झालं. वाटसरूंशी दोस्ती करायची, चार दिवस सोबत चालायचं, जेवण एकत्र करायचं आणि मग इशारा मिळताच रुमालाने गळा आवळायचा, अशी ती पद्धत. पकडलेल्या ठगांपैकी काहींना जिवाची हमी देऊन माफीचे साक्षीदार केलं गेलं. त्यांनी जुने साथीदार ओळखायचे, पुरलेल्या जागा दाखवायच्या आणि जबान्या द्यायच्या. ठगांचा शोध आपल्या हातून लागता लागता राहिला ही हळहळ टेलरने म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रातही बोलून दाखवली आहे.

पण अगदीच रिकाम्या हाताने तो राहिला नाही. ठगांची धरपकड दख्खनमध्ये पसरली तेव्हा जबान्या ऐकण्याचं काम त्याच्याकडेही आलं. १८३२ साली आपल्याला अमीर अली नावाचा माफीचा साक्षीदार भेटला आणि त्याने ७१९ खुनांत आपला हात असल्याचं कबूल केलं, असं टेलर कादंबरीच्या प्रस्तावनेत सांगतो. म्हणजे भाचीच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. अमीर अली नावाचा माणूस टेलरला भेटला होता.

कबुलीची कादंबरी

पुढे टेलर लांबच्या रजेवर विलायतेला गेला. तिथे १८३९ साली तीन भागांत ही कादंबरी छापून आली आणि तिशीतला हा अनोळखी अधिकारी एकदम प्रसिद्ध झाला. राणी व्हिक्टोरिया तेव्हा नुकतीच गादीवर आलेली, वीस वर्षांची. छापखान्यातून कागद निघतील तसे ते राणीने वाचायला मागवले, असं टेलर आत्मचरित्रात सांगतो. ठग हा आपल्याकडचा शब्द इंग्रजीत घराघरात पोचला त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. आज इंग्रजी बोलणारा कुणीही गुंडाला ठग म्हणतो, तो शब्द असा आपल्या वाटांवरून तिकडे गेलेला.

कादंबरीची रचना साधी आहे. तुरुंगात बसलेला अमीर अली एका साहेबाला आपली कहाणी सांगतो. लहानपणी त्याच्या आईबापाला ठगांनी मारलं. टोळीचा म्होरक्या इस्माईल याला या लेकराची दया आली आणि त्याने त्याला मुलगा म्हणून वाढवलं. पोर मोठं झालं, त्याच धंद्याला लागलं आणि सगळ्यांच्या पुढे गेलं. लग्न होतं, संसार होतो, बायकोवर जीव लावतो, आणि रस्त्यावर गेला की निरपराध माणसांचे गळे आवळतो. शेवटी त्याला कळतं की आपल्या हातून आपल्याच सख्ख्या बहिणीचा जीव गेला. आणि त्याच्या आईचा गळा आवळणारा टोळीतलाच गणेशा होता.

नेहमीच्या रहस्यकथेत खुनी कोण हे शेवटी कळतं. इथे खुनी पहिल्या पानावर समोर बसलेला आहे. वाचणाऱ्याला छळणारं रहस्य वेगळंच आहे. इतका सभ्य, इतका हळवा, नमाज-रोज्याची भाषा बोलणारा माणूस असं करू कसा शकतो? टेलरने हा प्रश्न शेवटपर्यंत सोडवलेला नाही आणि म्हणूनच पुस्तक जवळजवळ दोनशे वर्षं टिकलं.

आता भाचीचा दुसरा प्रश्न. ठग सगळे मुसलमान होते का? याचं उत्तर कादंबरीतच आहे, फक्त नीट वाचायला हवं. इस्माईल मुसलमान आहे तसा गणेशा हिंदू आहे. एकाच टोळीत दोन्ही धर्मांचे लोक आहेत आणि सगळे मिळून भवानीचा कौल घेऊन निघतात. सरकारी जबान्यांतही टोळ्या अशाच मिश्र दिसतात. म्हणजे हा धर्माचा मामला नव्हता, धंद्याचा होता. इस्लाममध्ये एका निरपराध जिवाची हत्या म्हणजे सगळ्या माणुसकीची हत्या मानली जाते, हे आपल्या घरातल्या लेकरालाही माहीत असतं. तरी गोष्ट सांगणारा म्हणून टेलरने मुसलमान निवडला आणि वाचणाऱ्यांच्या मनात ठगाचा चेहरा अमीर अलीचा झाला. एका पात्राने किती लांबचा परिणाम होतो बघा.

जबानी आणि कायदा

अमीर अलीच्या तोंडचं खरं किती आणि टेलरने घडवलेलं किती, हे पुस्तकात वेगळं करून दाखवलेलं नाही. बहिणीचा प्रसंग, सूड, योगायोग हे कादंबरीचे हिशेब आहेत. ज्या जबान्यांवर ती उभी आहे त्यांच्याकडेही जपून बघावं लागतं. जीव वाचवण्यासाठी बोलणारा कैदी, ती बोली दुसऱ्या भाषेत उतरवणारा लेखनिक आणि ऐकणारा साहेब, अशा तीन चाळण्यांतून ती आलेली आहे. ठगी हा खरोखर एक गुप्त पंथ होता, की वेगवेगळ्या वाटमाऱ्यांना इंग्रजांनी एकाच नावाखाली कोंबलं, यावर अभ्यासकांचे आजही वाद चालतात. वाटेवर खून होत होते यात शंका नाही. प्रश्न त्यावरून बांधलेल्या कहाणीचा आहे.

कहाणीचा परिणाम मात्र कागदावर राहिला नाही. १८३६ साली ठगीविरुद्ध कायदा झाला. त्यानुसार कुणी ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप देता येत होती. अमुक माणसाचा खून केला असं दाखवायची गरज राहिली नाही. माणसाने काय केलं यापेक्षा तो कोणाचा आहे हे महत्त्वाचं ठरलं. पुढे १८७१ साली याच विचाराच्या वाटेने गुन्हेगार जमातींचा कायदा आला. पुऱ्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. हजेरी, परवाने, काटेरी तारांच्या वसाहती असं सगळं सुरू झालं. सोलापूरची वसाहत आपल्या भागातल्या लोकांना माहीत आहे. पारधी, कैकाडी, रामोशी, बेरड असे कितीतरी समाज यात भरडले गेले. आपल्यातले छप्परबंद मुसलमानही त्यात होते आणि आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. हा कायदा देशभरातून गेला तो स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली. सगळा दोष एका कादंबरीवर टाकणं बरोबर होणार नाही. पण अशा कायद्यांना लागणारी भीती लोकांच्या मनात अशाच पुस्तकांनी रुजवली, हे नाकारता येत नाही.

साहेबाच्या घरातली बेगम

इथपर्यंत वाचलं तेव्हा आम्हाला वाटलं की टेलर म्हणजे दुरून बघणारा आणखी एक गोरा साहेब. पण त्याच्या घरात डोकावलो आणि चित्र पालटलं.

टेलरची बायको मेरी पामर. ती हैदराबादचे प्रसिद्ध सावकार विल्यम पामर यांची मुलगी. या पामरांची पेढी एके काळी निजाम सरकारला मोठमोठी कर्जं द्यायची. इंग्रज रेसिडेंट मेटकाफच्या काळात त्यावरून मोठा वाद पेटला आणि पेढी बुडाली. विल्यम पामर यांचे वडील जनरल पामर हे १७९८ ते १८०१ या काळात पुण्यात, पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होते. आणि आई? आई होत्या बेगम फैज बख्श, मोगली वळणाच्या खानदानी मुसलमान बाई. जनरलसाहेब, बेगम, मुलं आणि घरातल्या इतर बायका यांचं त्या काळी काढलेलं एक मोठं रंगीत चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही आहे. त्यात बेगम आपल्या पेहरावात, दागिन्यांसह बसलेल्या दिसतात.

म्हणजे ज्याने अमीर अलीला जगापुढे आणलं त्याच्या बायकोची आजी मुसलमान होती. त्याच्या स्वतःच्या मुलींच्या अंगात बेगम फैज बख्श यांचं रक्त होतं. हे कळल्यावर भाची गप्पच झाली. आम्हीही थोडा वेळ गप्प होतो.

त्या काळात अशी मिश्र घरं दख्खनमध्ये बरीच होती. पण जसजशी वर्षं गेली तसतसा इंग्रजांचा वर्णाचा अहंकार वाढत गेला आणि अशा घरांकडे नाक मुरडलं जाऊ लागलं. सासरे विल्यम पामर यांना दोन्हीकडचे लोक ओळखायचे, पण पुरता आपला असा कुणी मानायचा नाही. टेलरने ही कुचंबणा जवळून पाहिली असणार. पुढच्या काळात त्याने लिहिलेल्या कादंबऱ्यांत वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांची लग्नं पुन्हा पुन्हा येतात. आम्हाला वाटतं, हा निव्वळ योगायोग नाही.

सुरपूरचा राजा आणि एक कुंडली

रजेवरून परतल्यावर १८४१ साली टेलरची नेमणूक शोरापूर संस्थानात झाली. आज त्याला सुरपूर म्हणतात, कर्नाटकातल्या यादगिरी जिल्ह्यात ते येतं. राजघराणं बेरड नायकांचं. राजा वेंकटप्पा नायक अजून लहान पोरगा. त्याच्या नावाने कारभार बघायचा होता. टेलरने १८५३ पर्यंत तिथे बारा वर्षं काढली. रस्ते, तलाव, महसुलाची घडी असं बरंच काम केलं. इंजिनिअरिंग शिकलेला नव्हता तरी पुस्तकं वाचून तलावांचे बांध घातले. आसपासच्या माळावरची पुराणकाळातली दगडी थडगी हुडकून त्यांची मापं घेतली, चित्रं काढली, लेख लिहिले. त्याच काळात लंडनच्या टाइम्स वर्तमानपत्रालाही तो इथून बातम्या पाठवत होता. त्याने बांधलेला बंगला टेलर मंजिल या नावाने सुरपुरात ओळखला जातो. रयत त्याला महादेवबाबा म्हणायची.

बाल राजा त्याला आप्पा म्हणत मोठा झाला. याच सुरपुरात टेलरच्या आयुष्यातलं सगळ्यात चटका लावणारं रहस्य घडलं. आत्मचरित्रात तो सांगतो की राजघराण्यातल्या पुरोहिताने त्याला मुलाच्या कुंडलीची गोष्ट गुपचूप सांगितली होती. हा राजा आपल्या चोविसाव्या वर्षी मरणार, असं त्यात म्हटलेलं होतं. टेलरने हसण्यावारी नेलं. १८५८ साली तरुण राजाने इंग्रजांविरुद्ध बंड केलं आणि पकडला गेला. आधी मृत्यूदंड, मग तो कमी होऊन शेवटी काही वर्षांची कैद, असं ठरत गेलं. त्यासाठी टेलरने खटपट केली. आता जीव वाचला असं वाटत असतानाच तुरुंगाकडे नेताना वाटेत एका अधिकाऱ्याच्या पिस्तुलाने राजाचा अंत झाला. राजाला चोविसावं वर्ष चालू होतं.

कुंडलीवर आमचा विश्वास नाही. गैबचं ज्ञान अल्लाहशिवाय कुणाला नाही. पण गोळी चुकून सुटली, की त्या पोराने स्वतःहून मरण पत्करलं, हे कोडं मागे राहिलं. ज्याला मांडीवर खेळवलं त्याच्याविरुद्धच्या सरकारात आपण नोकरी करतो, ही टोचणी टेलरच्या लिहिण्यातून जाणवते. ठगांच्या खुनांचा उलगडा करणाऱ्या माणसाला आपल्याच लाडक्या राजाच्या मरणाचा उलगडा झाला नाही.

नळदुर्ग, बुलढाणा आणि तुळजापूरची तारा

मधल्या काळात, १८५३ साली निजामाने काही जिल्हे इंग्रजांच्या ताब्यात दिले. त्यात आजचा धाराशिव भाग होता. टेलर तिथला अधिकारी झाला आणि त्याने नळदुर्गला मुक्काम केला. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचा हा किल्ला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला पाणीमहाल, बंधाऱ्याच्या पोटातला तो गारवा, पावसाळ्यात वरून कोसळणारं पाणी. आदिलशाही बांधकामाची टेलरला मोठी ओढ होती. पुढे विजापूरच्या इमारतींवरच्या एका मोठ्या ग्रंथातही त्याचा सहभाग होता. १८५७ च्या धामधुमीत त्याला वऱ्हाडात बुलढाण्याला पाठवलं गेलं. पदरी फौज नसताना त्याने तो भाग शांत ठेवला.

१८६० साली तब्येत ढासळल्याने त्याने नोकरी सोडली आणि विलायतेला गेला. मग पुन्हा लेखणी धरली. १८६३ साली 'तारा' ही कादंबरी आली. ही कथा तुळजापुरात सुरू होते आणि तिच्यात अफझलखानाची स्वारी आहे. तिचा शेवटचा पट आपल्या सातारा जिल्ह्यातल्या जावळीच्या खोऱ्यात, प्रतापगडाखाली उलगडतो. प्रतापगडाचा प्रसंग १६५९ चा. आपल्याकडे हा विषय निघाला की आवाज चढतात. टेलरने मात्र एक ब्राह्मण मुलगी तारा आणि अफझलखानाचा मुलगा फाजल यांची प्रीती कथेच्या मध्यभागी ठेवली. कथेत शिवाजी महाराज आहेत, विजापूरचा दरबार आहे, दोन्हीकडे भली माणसं आहेत आणि लबाड माणसंही आहेत. इतिहासाचे सगळे तपशील त्यात जसेच्या तसे आहेत असं आम्ही म्हणणार नाही. पण दोन बाजू म्हणजे दोन धर्म, असा सोपा हिशेब त्याने केला नाही.

'तारा'नंतर प्लासीच्या १७५७ सालाभोवती एक आणि १८५७ भोवती एक, अशा दोन कादंबऱ्या आल्या. शंभर शंभर वर्षांच्या अंतराने हिंदुस्तानचं चित्र काढायचं असा बेत होता. १८५७ वरच्या 'सीता' कादंबरीत इंग्रज अधिकारी आणि हिंदू विधवा यांचं लग्न आहे. अखेरची कादंबरी चांदबीबीवर. अहमदनगरच्या किल्ल्यात मोगल फौजेला अडवणारी, विजापूरची सून आणि निजामशाहीची लेक. नावच 'अ नोबल क्वीन', म्हणजे एक थोर राणी. ती टेलरच्या मृत्यूनंतर, १८७८ साली पुस्तकरूपाने आली. ज्याने इंग्रजांना मुसलमान ठग दाखवला, त्यानेच त्यांना मुसलमान राणीची शान दाखवली.

मराठीशीही या माणसाचं एक नातं आहे. त्याने १८४० साली टिपू सुलतानवर कादंबरी लिहिली होती. तिच्या आधाराने हरि नारायण आपट्यांनी १८९० च्या सुमारास 'म्हैसूरचा वाघ' लिहिली. ही आपट्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी. पुढे 'उषःकाल'सारख्या, रहस्याने भारलेल्या त्यांच्या कादंबऱ्यांनी महाराष्ट्राला वेड लावलं. म्हणजे मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या या थोर लेखकाने पहिलं पाऊल टाकलं ते टेलरचं बोट धरून आणि टिपू सुलतानच्या गोष्टीतून. फक्त तो टिपू इंग्रज फौजेच्या बाजूने पाहिलेला होता, हे विसरून चालणार नाही.

शेवटचा प्रवास

१८७५ साली हैदराबादचे दिवाण नवाब सालारजंग यांच्या बोलावण्यावरून टेलर पुन्हा दख्खनला आला. वय सदुसष्टच्या आसपास, डोळ्यांची नजर जवळजवळ गेलेली. तरुणपणी ज्या वाटांवर घोडा दौडवला त्या वाटा त्याला धड दिसतही नव्हत्या. इथे तापाने गाठलं. परत जाताना फ्रान्समधल्या मेंतों गावी १३ मे १८७६ रोजी त्याचा अंत झाला. आत्मचरित्र पुढच्या वर्षी त्याची मुलगी अ‍ॅलिस हिने छापून आणलं. वडिलांची कहाणी लेकीने जगापुढे ठेवली.

सुटी संपायच्या आदल्या रात्री आम्ही भाचीला जवळ बसवून सगळं सांगितलं. अमीर अली नावाचा माणूस होता, पण पुस्तकातला अमीर अली टेलरने घडवला. ठगांत मुसलमान होते तसे हिंदूही होते, आणि त्यांच्या हातून मरणारे वाटसरूही दोन्ही धर्मांचे होते. आणि ज्याने हे लिहिलं तो आपला दुश्मन नव्हता. पण तो राज्य करणाऱ्यांच्या बाजूला बसलेला होता. तिथून त्याला खूप काही दिसलं, काही दिसलं नाही, आणि जे दिसलं त्याचा वापर कोण कसा करील यावर त्याचा ताबा नव्हता. वर्गात पुन्हा कुणी विचारलं तर रागावू नकोस. पुस्तक उघडून गणेशाचं पान दाखव, १८३६ चा कायदा सांग आणि बेगम फैज बख्श यांचं चित्र दाखव.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पुण्याच्या एसटीत बसवलं. पुस्तक तिने पिशवीत टाकलं नव्हतं, आमच्यासाठी ठेवून गेली. आता ते घरातल्या मोठ्या मुलाच्या हातात आहे. त्याचेही प्रश्न येतीलच, आणि या वेळी आम्ही तयार आहोत.